दोन बादल्यांचा नियम

आंबलेलं काय आणि नासलेलं काय, हे मला झाकण उघडायच्या आधी वासावरून सांगता येतं. पंचवीस वर्षं मी त्याच कामावर आहे. शीवला आमची प्रयोगशाळा आहे. तिथे हॉटेलांचं उरलेलं अन्न, रसवाल्यांकडची सालं, बाजारातली सडकी फळं येतात आणि आम्ही ती बंद टाक्यांमध्ये आंबवतो. लोक विचारतात, एवढं शिकून तू कचरा ढवळतेस? मी म्हणते, हो, तुम्ही करता तोच ढवळते.

बंद टाकीत कचरा कुजतो तो दोन पायऱ्यांनी. पहिल्या पायरीवरचे जिवाणू त्याचं आम्ल करतात. दुसऱ्या पायरीवरचे ते आम्ल खातात आणि जळणारा गॅस सोडतात. पहिले दांडगे असतात, मिळेल ते खातात, तासातासाला वाढतात. दुसरे मंद आणि नाजूक. आंबटपणा जरा वाढला की ते माना टाकतात. आमच्या प्रयोगशाळेला आम्लच हवं असतं, कारण ते पुढे रंगात, अत्तरात, जनावरांच्या खाद्यात जातं. म्हणून आम्ही दुसऱ्या पायरीवाल्यांना सुरुवातीलाच उकळून मारतो. टाकी आंबट झाली की आमच्याकडे चहाबरोबर समोसे येतात.

माझा स्वभाव तापट आहे हेही इथेच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात जिवाणूंइतकाच त्याचाही हात आहे.

आम्ही लालबागला चाळीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, मी आणि बाबा. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवायचे. गिरणी गेल्यावर त्यांनी वॉचमनकी केली, तीही वय झाल्यावर सुटली. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. अक्षरशः. खाटेवर पडून भिंतीकडे बघत राहायचे, उशाशी ठेवलेल्या चहावर साय धरायची. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, यांना सकाळी उठायला कारण पाहिजे. कारण कुठल्या केमिस्टकडे मिळतं ते मात्र त्यांनी लिहून दिलं नाही.

मग मी मला येत होतं तेवढंच केलं. चाळीच्या मागच्या आवारात मोडक्या सायकली पडल्या होत्या, त्या हलवून गोबरगॅस बसवला. खाली एक काळी पाण्याची टाकी, तिच्यात जरा लहान टाकी उपडी घातलेली. गॅस झाला की वरची टाकी हळूहळू उचलली जाते, वापरला की खाली बसते. सुरुवातीला शेण घातलं, नंतर चाळीतला ओला कचरा. बाबांना मी नियम सांगितला, रोज दोन बादल्या, वर एक मूठही नाही. का, ते नाही सांगितलं. सातवी शिकलेल्या माणसाला मी काय जिवाणू शिकवू, असं मला वाटलं. आता लपवून काय करायचं, असंच वाटलं.

पंधरा दिवसांनी शेगडी पेटली आणि बाबा उठले. सहाला उठून चारही मजले फिरायचे, दाराबाहेर ठेवलेली सालं आणि देठं गोळा करायचे, आवारात पाटावर बसून विळीने बारीक करायचे. दोन बादल्या टाकीत गेल्या की भिंतीवर खडूने दोन रेघा. सात वाजता त्या गॅसवर चहा. चाळीतले चार म्हातारे, सगळे कुठल्या ना कुठल्या गिरणीतले, आपापला कप घेऊन खाली उतरायचे. बाबा चहा गाळत सांगायचे, आज हिने जरा कमी दिला, काल फणसाची सालं-चारखंडं होती ना, जड गेली असतील. टाकीला ते 'ही' म्हणायचे. आईलाही तसंच म्हणायचे, पण ते मी कुणापाशी बोलले नाही.

पहिल्या दसऱ्याला त्यांनी टाकीला झेंडूची माळ घातली. गिरणीत दसऱ्याला माग पुसून, हळदकुंकू वाहून पूजा व्हायची, त्या दिवशी पोराबाळांना आत सोडायचे. मला आठवतं, मी सहा-सात वर्षांची असेन, बाबांनी मला कडेवर घेऊन त्यांचा माग दाखवला होता. थांबलेला, तेल लावलेला, झेंडू घातलेला. आई गेल्यावर प्रथमच मी त्यांना त्या जुन्या ऐटीत हात जोडताना पाहिलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पुढच्या वर्षीचे गणपती आले. आमच्या चाळीचा गणपती छोटा, पण त्याचा सत्यनारायण मोठा असतो. नवव्या दिवशी पूजा, दोनशे माणसांचा शिरा, आणि दुसऱ्या दिवशी जेवण. त्या वर्षी रस्त्यावर मोठ्या गणपतीच्या दर्शनाची गर्दी इतकी तुंबली की पोलिसांनी आमची गल्ली दोन्ही टोकांना बांबू लावून बंद केली. पाहुण्यांना आत येता येईना, आम्हाला बाहेर जाता येईना. मी पहाटे निघून शीवला गेले ती मैत्रिणीकडेच राहिले. इकडे तूप-साखरेचा शिरा पातेलंभर उरला. दुसऱ्या दिवशी बुंदी उरली.

प्रसाद कचऱ्यात टाकायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एरवी उरलेला प्रसाद बाबा देवळाबाहेरच्या गाईला नेऊन घालतात. पण त्या दिवशी गाईपर्यंत पोचायचं कसं? पोरांनी पातेलं कचराकुंडीच्या दिशेने उचललं तेव्हा बाबा आडवे आले. ज्याने गिरणीच्या संपात पोरांना पेजेवर वाढवलं तो माणूस शिरा कचऱ्यात कसा जाऊ देईल?

मला त्यांचा फोन आला तेव्हा मी शीवला होते. आवाजात उत्साह मावत नव्हता.

"बाय, येवन बघ गो, टाकी कशी वर इली हा! इतकी कधीच इली नव्हती."

"काय घातलंत?"

"प्रसाद घातलंय. गायीक दिला काय नि हिका दिला काय, पोट ता पोट."

काय होणार ते मला तिथेच कळलं. गुळमुळीत 'बघते' म्हटलं आणि फोन ठेवला.

टाकी वर आली होती हे खरंच. साखर मिळाल्यावर पहिल्या पायरीवाल्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यांच्यापासूनही गॅस होतो, पण तो जळणारा नव्हे, विझवणारा. विसर्जनानंतरच्या सकाळी मी घरी पोचले, तेव्हा आवारात ते चार म्हातारे कप घेऊन उभे होते आणि बाबा शेगडीशी काड्यांमागून काड्या ओढत होते. जळती काडी बर्नरजवळ नेली की ज्योत आडवी व्हायची आणि विझायची. सगळ्या आवारात ओकारीसारखा वास भरला होता. तो वास मी ओळखते. तो आम्ही प्रयोगशाळेत बाटल्यांत भरतो, त्यावर चिठ्ठी लावतो आणि विकतो.

मी कागदाची पट्टी टाकीतल्या पाण्यात बुडवली. ती लाल झाली. आणि मी ओरडले.

"बाबा, मारून टाकलीत तुम्ही तिला. काहीही कोंबायचं? एवढं साधं कळत नाही? दोन बादल्या म्हणजे दोन बादल्या, सांगितलं होतं ना?"

चार म्हातारे कपांत बघायला लागले. कप रिकामे होते. बाबांनी काडेपेटी मिटली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. आणि ते जिना चढून वर गेले.

आता 'बरं' हा शब्द काही मालवणी नाही. बाबा माझ्याशी जन्मभर मालवणीत बोलले. शुद्ध मराठी ते काढायचे ती गिरणीत खात्याच्या साहेबासमोर, बँकेत, पोलिसांशी. मला तेव्हा ते लक्षात आलं नाही. मी तावातावाने वर गेले, आंघोळ केली आणि कामाला निघून गेले. रागात असताना माझे कान बंद असतात.

तीन दिवसांत बाबांचं तोंड पुन्हा भिंतीकडे झालं. चहावर साय धरायला लागली. मी ताट वाढलं की चार घास खाऊन हात धुवायचे. काय विचारलं की 'हो', 'नाही', 'बरं'. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तेच सांगितलं. रात्रीचं जेवण झाल्यावर मी त्यांच्या पाठीकडे बघत बसायचे आणि मला वाटायचं, आता हे जातात. आई गेली तेव्हा आजार होता, नाव होतं, रिपोर्ट होते. यांना मी माझ्या तोंडाने मारणार होते, आणि त्याला रिपोर्टही लागणार नव्हता.

चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी आले. भला माणूस आहे, बोलायच्या आधी चप्पल काढतो.

"ताई, आम्हाला पण वाईट वाटतं. पण वास किती मारतोय बघा ना. तळमजल्यावरचे लोक खिडकी उघडत नाहीत. आणि दसऱ्याला सहा जणांच्या नवीन बाइक येतायत, पूजा करून लावणार कुठे? दसऱ्यापर्यंत पेटली तर ठीक आहे. नाहीतर जागा मोकळी करून द्या."

भिंतीकडे वळलेली पाठ जराशी हलली. बाबांनी ऐकलं होतं.

मेलेली टाकी उठवायची तर तिला खायला घालणं थांबवायचं, आंबटपणा बेताबेताने मारायचा आणि दुसऱ्या पायरीवाले जिवाणू नव्याने आणून सोडायचे. आंबटपणासाठी चुना होता, खाण्याचा सोडा होता. जिवाणू शेणात असतात. मुंबईत सगळं मिळतं म्हणतात. ताजं शेण शोधून बघा. लालबागमध्ये तबेला उरलेला नाही, आणि आमच्या देवळाबाहेरची गाय गणपतीच्या गर्दीपासून दिसलेली नव्हती. गिरगावात एका गल्लीच्या तोंडाशी लहानपणी पाहिलेली गाय आठवली म्हणून तिथे गेले, तर तिच्या जागी मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली होती. शेवटी दादरला एका देवळाबाहेर गायवाली सापडली. गाय बांधलेली, समोर गवताच्या पेंड्या, येणारा-जाणारा पेंडी घेऊन गाईला घालतो आणि नमस्कार करून पुढे जातो. बाई साठीच्या पुढची, कपाळावर ठसठशीत कुंकू, तोंडात तंबाखू.

"शेण कशाला गं? सारवायला जमीन कुठं हाय तुझ्याकडं?"

मी सांगितलं. गोबरगॅस, चाळ, आवार. कसा बंद पडला तेही सांगितलं. शिरा म्हटल्याबरोबर तिने तंबाखू थुंकली.

"शिरा? बादलीभर? अगं, गाईला घातला असता तर गाय मेली असती. ही लोकं येतात, लाडू आणतात, पेढे आणतात. मी पुढं करू देत नाही. भांडतात माझ्याशी, म्हणतात, प्रसाद आहे. मी म्हणते, बाबा, असू दे प्रसाद, पण हिच्या पोटात लई गोड गेलं की आंबतं, पोट फुगतं, गाय आडवी होते. मग तिचं काय करू, तुझ्या घरी आणून ठेवू? असं सांगितलं की ऐकतात. कारण सांगितलं की माणूस ऐकतो."

मी बालदी हातात धरून उभी होते. हेच सगळं मी इंग्रजीत, आकृत्या काढून, परिषदांमध्ये सांगितलेलं आहे. गाईचं पोट आणि आमची टाकी एकाच रीतीने आंबतात. पोट ते पोट, बाबा म्हणाले होते ते अगदी बरोबर होतं. फक्त गाईजवळ ही बाई बसलेली असते, आणि टाकीजवळ त्यांना मी एकटं सोडलं होतं.

त्यानंतर रोज पहाटे दादरला जायचं, झाकणाच्या बालदीतून शेण आणायचं, पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, पट्टी बुडवायची, काडी ओढायची, काडी विझायची, आणि मग शीवला जाऊन नव्या टाकीतल्या दुसऱ्या पायरीवाल्यांना उकळायचं. बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नसे. प्रयोगशाळेत त्या आठवड्यात आमची एक टाकी आजवर कधी नव्हे इतकी आंबट झाली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, समोसे आले. मी समोसा हातात घेऊन स्वच्छतागृहात गेले आणि रडले. ज्यांना मी इथे मारत होते, घरी त्यांच्याच पाया पडत होते.

पितृपक्षात अविधवा नवमीला मी आईचं पान केलं. तिला आवडायचं ते काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, खीर. कावळा शिवला. दुपारी बाबा पानातलं उरलेलं हातात घेऊन दारात उभे राहिले आणि बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलले.

"हे टाकीत घालू की नको?"

मी अर्धवट कामात होते. "अजिबात नको," म्हटलं.

"बरं," म्हणाले. ते पान त्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. शेवटी ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि खाटेवर जाऊन पडले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे माझ्याशी शुद्ध बोलतायत. गेले नऊ-दहा दिवस मी त्यांच्या घरात साहेब होते.

मी जिना उतरून आवारात गेले. काही कारण नव्हतं, वर बसवेना. पाटावर बसले, जिथे ते विळी घेऊन बसायचे, आणि समोर भिंत होती. खडूच्या रेघा. रोजच्या दोन, रोजच्या दोन, एका खाली एक, वर्षभराच्या. पावसाने काही पुसल्या होत्या, त्या पुन्हा गिरवलेल्या. मी शेवटच्या ओळीवर आले. नववा दिवस, शिऱ्याचा, दोन रेघा. दहावा दिवस, बुंदीचा, दोन रेघा.

अख्खं पातेलं उरलं होतं. त्यांनी दोनच बादल्या घातल्या होत्या. नियम त्यांनी मोडलाच नव्हता. उरलेला शिरा त्यांनी काय केला ते मी नंतर शेजारणीला विचारलं. चाळीत दारोदार जाऊन वाटला, आणि तरी राहिला तो दोन दिवस स्वतः खाल्ला. सालांच्या दोन बादल्यांत बहुतेक पाणीच असतं, आणि शिऱ्याच्या दोन बादल्या टाकीला महिन्याचं जेवण एका घासात घातल्यासारख्या. हे त्यांना कोण सांगणार होतं? जिला ठाऊक होतं तिने फक्त बादल्या मोजायला सांगितल्या. आणि मी ओरडत होते तेव्हा ती भिंत त्यांच्या पाठीमागेच होती. त्यांनी बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. दाखवलं नाही.

मी वर गेले. खाटेवर त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. तुम्ही दोनच बादल्या घातल्यात, मी रेघा बघितल्या. मी किती ते सांगितलं, काय ते सांगितलंच नाही. तुमचा काही दोष नाही."

ते भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

मी पुन्हा सांगितलं. गाईचं सांगितलं, दोन पायऱ्यांचं सांगितलं, जे वर्षापूर्वी दहा मिनिटांत सांगता आलं असतं ते सगळं. ते ऐकत होते, मान हलवत होते. माझं संपल्यावर त्यांनी उशी सारखी केली आणि डोळे मिटले. मला वाटलं होतं, रागावतील, रडतील, निदान एक शिवी घालतील. मालवणी माणसाकडे शिव्यांना काय तोटा? शिवी घातली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते.

नवरात्र बसलं. पट्टी लालची नारिंगी झाली, नारिंगीची पिवळी. ओकारीचा वास कमी होऊन ओल्या मातीसारखा झाला. काडी मात्र विझतच होती. मी कामावर रजा टाकली. दिवसातून चारदा खाली जायचे. टाकीशी बोलायलाही लागले, सांगायला लाज कसली. म्हटलं, माझ्यासाठी नको, मी तुमच्या जातभाईंना रोज मारते हे ठाऊक आहे मला. त्या म्हाताऱ्यासाठी उठा. सातव्या माळेला सेक्रेटरी टेप घेऊन आवारात माप घेऊन गेले. टाकीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

खंडेनवमीला सकाळी काडी ओढली. ज्योत आडवी झाली, थरथरली आणि विझली नाही. बर्नरच्या एका कडेला निळं काहीतरी उमटलं. मी हात मागे घेतला तरी ते होतं. मोजून सात भोकांवर, पण होतं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि पदराने तोंड दाबून घेतलं, वरच्या मजल्यांवर ऐकू जाऊ नये म्हणून.

दसऱ्याला शेगडी पूर्ण पेटली. मी बाबांना हाताला धरून खाली आणलं. त्यांनी टाकीला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. चार म्हातारे कप घेऊन आले. सेक्रेटरीही आले, चप्पल काढून, आणि चहा पिऊन म्हणाले, बाइका पुढच्या बाजूला लावू, होईल काहीतरी. सोनं वाटलं, आपट्याची पानं एकमेकांच्या हातात गेली. बाबांनी माझ्या हातात पान दिलं. मी वाकून नमस्कार केला. सगळं परत जागेवर आलं होतं. निदान बघणाऱ्याला तसं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मला जाग आली ती त्यांच्या उठण्याने. मी डोळे मिटूनच ऐकत राहिले, आनंदाने. विळीचा आवाज यायची वाट बघत होते. त्याऐवजी ते माझ्या उशाशी आले. त्यांच्या हातात आमच्या स्वयंपाकघरातला ताणकाटा होता आणि त्याला सालांची पिशवी लोंबत होती.

"एवढं चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल ना बाबा. तुम्हाला ठाऊक आहे की."

"नाही, तू सांग."

तेव्हापासून टाकीत जे जातं ते आधी मला दाखवलं जातं. केळीची सालं, वाटाण्याची टरफलं, भाताची खरवड. मी घरी नसले तर पिशव्या दाराशी ओळीने थांबतात. भिंतीवर रेघा नाहीत, एका वहीत ते लिहितात आणि संध्याकाळी माझ्यापुढे ठेवतात. टाकी उत्तम चालते. एकदाही आंबली नाही. सातचा चहा होतो, म्हातारे येतात. बाबा गाळणी धरून उभे असतात, पण आज हिने कमी दिला, जास्त दिला, असलं काही बोलत नाहीत. मी हरतऱ्हेने सांगून पाहिलं. चिडून सांगितलं, हसून सांगितलं, त्यांच्याशी मुद्दाम मालवणीत बोलायला लागले. ते मला शुद्ध मराठीत उत्तर देतात. आंबट झालेल्या टाकीवर चुना असतो, सोडा असतो. इथे काय घालायचं ते मला माझ्या पंचवीस वर्षांत कुणी शिकवलेलं नाही.

काल रविवार होता. मी त्यांच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं, लिंबाची फोड ठेवली. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढं चालेल?"

मी हो म्हटलं. मगच त्यांनी पहिला घास घेतला.